एलिझाबेथबाईंना अखेर दाखवलंच!

एखादी जुनी विनोदी मालिका लोकांच्या मनात घर करून बसली आहे असं कळलं, की निर्मात्याला लगेच त्या घराचा पुनर्विकास दिसू लागतो. जागा मोक्याची, भाडेकरू थकलेले, शेजारीपाजारी भावुक. पाडा आणि बांधा दोन तासांच्या सिनेमाचा टॉवर! लॉबीत जुन्या चाळीचा फोटो लावला की झालं.

इंग्रजांनी २०१६ साली 'डॅड्स आर्मी'चं हेच केलं. बीबीसीवर १९६८ ते १९७७ चाललेली ही ८० भागांची मालिका जिमी पेरी आणि डेव्हिड क्रॉफ्ट यांनी लिहिली. काळ १९४०चा. हिटलर आज येतो की उद्या, अशी धास्ती. वयामुळे किंवा प्रकृतीमुळे सैन्यात जाऊ न शकणाऱ्यांची 'होम गार्ड' नावाची फौज उभी राहिली, तिच्यातली एक तुकडी वॉल्मिंग्टन-ऑन-सी या काल्पनिक गावात कवायत करते आहे. तुकडीचा कप्तान म्हणजे गावातल्या बँकेचा मॅनेजर मॅनरिंग. सार्जंट म्हणजे त्याच बँकेतला त्याच्या हाताखालचा विल्सन. मॅनेजर खालून धडपडत वर आलेला, तर हाताखालचा खानदानी, आदबशीर आणि कधीच घाई नसलेला. हुकूम सोडणारा घामाघूम आणि हुकूम झेलणाराच साहेब दिसतो! बँकेत नोकरी केलेल्या मराठी माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.

या मॅनरिंगला एक बायको होती. एलिझाबेथ. नऊ वर्षं ती मालिकेत होती आणि एकदाही दिसली नाही. फोनवर ती आली की कप्तानसाहेबांचा सूर बदलायचा, तेवढ्यावर प्रेक्षकाने काय ते समजायचं. एका भागात मॅनरिंग हवाई हल्ल्याच्या निवाऱ्यात खालच्या बाकावर पडला आहे आणि वरचा बाक कुणाच्या तरी वजनाने त्याच्या नाकापर्यंत खाली आला आहे. बाईंचं दर्शन झालं ते एवढंच. जर्मनीला न घाबरणारा माणूस जिला घाबरतो ती दिसायला कशी असेल, हे ज्याने त्याने आपापल्या नात्यागोत्यात नजर टाकून ठरवायचं होतं.

२०१६च्या सिनेमात बाई दिसल्या. धडधडीत समोर, गावातल्या बायकांच्या युद्धकार्याचं पुढारपण करताना. फेलिसिटी मॉन्टागूने काम चोख केलंय, तिच्याबद्दल तक्रार नाही. पण नऊ वर्षं सांभाळून ठेवलेली शिल्लक पटकथाकाराने एका दुपारी काढून उडवली. लोकांनी मनात हजारो एलिझाबेथ रंगवल्या होत्या. त्या सगळ्या बाद होऊन एकच उरली, आणि तीही बरी निघाली!

शत्रूचंही तेच. मालिकेतली माणसं सतत लढाईच्या तयारीत आणि लढाई सतत दुसरीकडे. एका गाजलेल्या भागात जर्मन पाणबुडीचा कप्तान येतो, तोही कैदी म्हणून. युद्ध जिंकल्यावर सूड उगवायला तो नावांची यादी करतो आहे. पाइक नावाच्या पोराला तो नाव विचारतो आणि मॅनरिंग ओरडतो, सांगू नकोस, पाइक! अख्ख्या दुसऱ्या महायुद्धातला वॉल्मिंग्टनचा सगळ्यात मोठा पराभव तो हाच. त्याला ना तोफ लागली, ना समुद्र. सिनेमात मात्र कॅथरीन झीटा-जोन्स हेर म्हणून येते, जर्मन किनाऱ्यावर उतरतात, गोळीबार होतो आणि आमचे म्हातारे शौर्य गाजवतात. म्हणजे ज्यांच्या हातून काहीच घडत नाही म्हणून आपण त्यांच्यावर जीव टाकला, त्यांच्या हातून इतिहास घडवून घेतला.

बरं, नटांत कमी नाही. टोबी जोन्स, बिल नाय, टॉम कोर्टनी, मायकेल गॅम्बन. यातल्या कुणाच्याही नावावर स्वतंत्र सिनेमा निघावा. इथे मात्र प्रेक्षक पूर्ण वेळ तपासत बसतो, याचा मॅनरिंग मालिकेतल्या आर्थर लोच्या मॅनरिंगच्या किती जवळ आला. परीक्षकाच्या नजरेने बघणारा माणूस हसत नाही, गुण देतो. आणि जुन्या संचाची गंमत अशी, की त्यातला दुबळा, सतत शौचालय शोधणारा गॉडफ्री करणारा आर्नल्ड रिडली स्वतः पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईत जबर जखमी झालेला होता. हे कास्टिंग पैसे टाकून मिळत नाही.

पैसा मिळतो, हे मात्र कबूल केलं पाहिजे. ड्रॅक्युलाच्या सिनेमांसाठी प्रसिद्ध असलेल्या हॅमर कंपनीने १९७१ साली 'ऑन द बसेस' या टीव्हीवरच्या विनोदी मालिकेचा सिनेमा काढला आणि तो इतका चालला, की पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन काढले. रक्तपिपासूपेक्षा बस ड्रायव्हर फायद्याचा निघाला. तेव्हा त्याला कारणही होतं. घरोघरी टीव्ही कृष्णधवल होते, तीच माणसं मोठ्या पडद्यावर रंगीत दिसणं हीच मौज होती. सिनेमासाठी कथा सुचली नाही तर मंडळींना सहलीला धाडायचं, हा तोडगाही त्याच काळातला. दुकानात घडणाऱ्या 'आर यू बीइंग सर्व्ह्ड'चा १९७७ साली सिनेमा झाला, तर दुकान बंद ठेवून सगळ्या विक्रेत्यांना परदेशी हॉटेलात नेऊन ठेवलं. दुकानातल्या विनोदाला दुकान नाही!

आपण मागे राहणार थोडेच? 'खिचडी' या हिंदी मालिकेतलं पारेख कुटुंब एका दिवाणखान्यात बसून शब्दांचे अर्थ विचारत होतं तोवर अजिंक्य होतं. २०१०च्या पहिल्या सिनेमात तो वेडेपणा बराचसा टिकला. २०२३ला मात्र त्यांना पांथुकिस्तान नावाच्या देशात मोहिमेवर पाठवलं. त्या घरातल्या हंसाला गुप्त मोहीम? ज्या बाईला सोफ्यावरून उठायचा कंटाळा, तिला?

पण माझं खरं दुखणं म्हणजे 'ऑफिस ऑफिस' या हिंदी मालिकेतला मुसद्दीलाल. त्या मालिकेची युक्ती विलक्षण होती. दर भागात कार्यालय नवं, खातं नवं, पण टेबलामागे माणसं तीच पाच. पान चघळणारा शुक्ला, तोंड कधी रिकामं नसलेला भाटिया, आसावरी जोशींच्या उषाजी. सरकार कुणाचंही येवो, खिडकीत चेहरा तोच, हे त्या संचाने एकही भाषण न करता सांगितलं. पंकज कपूरचा मुसद्दी दर आठवड्याला पिचायचा आणि पुढच्या आठवड्यात नवी फाइल घेऊन हजर. २०११ साली 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' आला. दिग्दर्शक तेच राजीव मेहरा, नट बरेचसे तेच, कथा तर बिनतोड: पेन्शन कार्यालयाने मुसद्दीला मृत ठरवलंय आणि त्याने जिवंत असल्याचं सिद्ध करायचंय. तरी सिनेमा चालला नाही. वीस मिनिटांचा छळ हा विनोद असतो. दोन तासांचा छळ म्हणजे प्रत्यक्ष सरकारी कार्यालय, आणि तिथे जायला तिकीट काढावं लागत नाही. शिवाय आझमगडच्या लाल बिहारींनी या कथेवर आधीच कडी केली होती. सत्तरच्या दशकात ते कागदोपत्री वारले, १९९४ साली कागदोपत्री उठले, आणि २००३ साली त्यांना शांततेचं इग नोबेल मिळालं. पटकथाकाराने याहून वेगळं काय लिहायचं?

'मग आमच्या चिमणरावांचं काय?' असं कुणीतरी विचारणारच. विचारा. चिं. वि. जोशींचा चिमणराव चाळीसच्या दशकात दामुअण्णा मालवणकरांनी पडद्यावर रंगवला, सत्तरच्या दशकात दिलीप प्रभावळकरांनी दूरदर्शनवर, पुढे १९७९ साली प्रभावळकर आणि मालिकेतले त्यांचे जोडीदार बाळ कर्वेच सिनेमातही आले. कुणाचं काही बिघडलं नाही, कारण मूळ मुक्काम पुस्तकात होता. पुस्तकातल्या माणसाला चेहरा देता येतो. टीव्हीतल्या माणसाचा चेहरा हाच त्याचा मूळ मजकूर असतो, तो कसा बदलणार?

नव्याने करायला माझी सरसकट हरकत नाही. 'डॅड्स आर्मी'च्या दुसऱ्या पर्वातले तीन भाग आजही सापडलेले नाहीत. २०१९ साली त्यांच्या संहिता घेऊन नव्या नटांनी ते तीन भाग पुन्हा उभे केले. अर्ध्या अर्ध्या तासाचे, त्याच मापाचे. हरवलेलं भरून काढलं, असलेलं खोदलं नाही.

तेव्हा निर्मातेहो, 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मालिकेकडे तुमची नजर वळलीच असेल तर ऐका. आबांना लंडनला नेऊ नका. शिऱ्याला मोहिमेवर धाडू नका. श्यामलाच्या स्वयंपाकघरात ड्रोन उडवू नका. रोज रात्री घरातलं कुणीतरी डायरी लिहायला बसतं, एवढंच त्या घरात घडतं आणि तेवढं पुरेसं आहे. फारच उमाळा आला असेल तर त्या पैशातून जुने भाग स्वच्छ करून घ्या, दूरदर्शनकडे चिमणरावाचे जे असतील तेही, आणि रात्री साडेआठला पुन्हा लावा. जाहिराती आम्ही सहन करू.