सल्लागार, मुक्काम नंदुरबार

हिंजवडीतली नोकरी सोडून नंदुरबारला परतलेला स्वतंत्र सॉफ्टवेअर सल्लागार लांबूनही ओळखू येतो. राजीनामा मंजूर व्हायच्या आधी त्याचा लोगो तयार असतो. गच्चीवरच्या खोलीत टेबल, टेबलाखाली इन्व्हर्टर, भिंतीवर पांढरा फळा आणि व्हिजिटिंग कार्डावर ‘संस्थापक व प्रमुख सल्लागार’. प्रमुख कोणाचा, हे विचारायचं नसतं. फोनवर तो ‘आमची टीम बघून कळवेल’ असं सांगतो आणि फोन ठेवून स्वतःच बघायला बसतो. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी सहसा सक्तीची नसते, हे त्याला पाठ असतं. तरी तो ती करतो, कारण त्या लांबलचक क्रमांकाने लेटरहेड भरल्यासारखं दिसतं. एवढं सगळं थाटूनही गल्लीतली म्हातारी त्याच्या आईला विचारतेच, ‘तुना पोऱ्या आते घरच शे का?’

त्याची ठरलेली तक्रार अशी, की या भागाला सॉफ्टवेअर कळत नाही. ही तक्रार तपासून घ्यायला हवी. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हा हा सल्लागार बहुधा शाळेत किंवा पुण्याच्या वसतिगृहात होता. त्यानंतरच्या वर्षांत रेशनच्या यंत्रावर अंगठा का उमटत नाही, रेंज कुठल्या टेकडीवर मिळते आणि ‘सर्व्हर डाउन’ म्हटलं की धान्य आज मिळणार की उद्या, याचा धडगावकडच्या माणसांना जो अनुभव आला, तो हिंजवडीतल्या वातानुकूलित खोलीत मिळत नाही. यंत्रणा कागदावर कशी चालते हे सल्लागाराला कळतं. ती कुठे अडते हे रांगेतल्या माणसाला. तेव्हा अडाणीपणाचा मुद्दा निकालात काढलेला बरा.

खरी अडचण सॉफ्टवेअरची नाही, विक्रीची आहे. आणि त्या विषयात नंदुरबारचा मिरची बाजार या सल्लागाराला पुढची कित्येक वर्षं शिकवू शकेल. ओली लाल मिरची बाजार समितीत येते, बोली लागते, मग व्यापारी ती गावाबाहेरच्या पथारींवर वाळत घालतो. वाळताना वजन घटतं, देठ खुडायची मजुरी वाढते, अवकाळी पावसाची एक सर आली तर रंग जातो. म्हणजे आज घेतलेल्या मालाची खरी किंमत महिन्याभराने कळणार, आणि भाव मात्र आज सांगायचा. असा हिशेब रोज डोक्यात करणाऱ्या शेठसमोर सल्लागार लॅपटॉप उघडतो. शेठ चहा मागवतो आणि साधे प्रश्न विचारत जातो. एका चहात सल्लागार वजनाची घट, मजुरी, प्रतवारी, गाडीभाडं असं सगळं एका जुन्या बिलाच्या पाठीवर चौकटी-बाण काढून समजावून देतो. शेठ तो कागद नीट चार घड्या घालून खिशात ठेवतो, ‘छान आहे, कळवतो’ म्हणतो, आणि संध्याकाळी तो कागद कॉम्प्युटरच्या क्लासला जाणाऱ्या भाच्याच्या हातात पडतो. सल्लागार घरी जाऊन म्हणतो, इथे सल्ल्याला किंमत नाही. पण शेठ स्वतः माल विकतो तेव्हा मूठभर मिरची वानगी म्हणून पुढे करतो. बाकीची पोती ताडपत्रीखाली बांधलेली असतात. पोतं सोडून वानगी म्हणून वाटणाऱ्याला बाजारात काय म्हणतात, ते इथे छापता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सीएला लोक निमूट पैसे कसे देतात? ते पैसे सल्ल्याचे नसतात, नोटिशीच्या धास्तीचे असतात. डॉक्टरचेही अर्धे सलाइनच्या बाटलीचे. नुसतं ‘विश्रांती घ्या’ म्हणणाऱ्या डॉक्टरकडे दुसऱ्यांदा कोण जातं? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याचे ग्राहक बंगळुरूचे, परदेशातले, त्याला शेठच्या खिशाशी काय करायचंय? पण परदेशी ग्राहकही पहिली बैठक फुकटच मागतो आणि तिच्यातच सगळं काढून घेऊ पाहतो. फरक इतकाच, की तो चहा पाजत नाही आणि ती बैठक रात्री साडेअकराला असते.

मग सल्लागार तासाचा दर सांगतो. इथे शेठचा युक्तिवाद ऐकण्यासारखा असतो: ‘तासावर पैसे द्यायचे म्हणजे हळू काम करणाऱ्याला जास्त. आणि तू तर हुशार, म्हणजे तुझंच नुकसान.’ तासाचा दर लावावा की कामाचा ठोक आकडा, यावर सॉफ्टवेअरच्या धंद्यातले जाणते लोक अजून वाद घालतात. शेठने तो सुपारी कातरता कातरता मिटवलेला असतो. शेवटी तडजोड निघते ती वार्षिक कराराची. सल्लागार त्याला ‘रिटेनर’ म्हणतो, प्रस्तावाला निळं मुखपृष्ठ लावतो, अटी इंग्रजीत घालतो. शेठ तो न वाचता बाजूला ठेवतो, कारण सालाने माणूस ठेवायची पद्धत खान्देशाला नवी नाही. शेतातल्या सालदाराचं साल इथे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बदलतं, म्हणून करारही आखाजीलाच. शेठच्या वहीत ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या खाली सल्लागाराचं नाव चढतं. आकडा ठरतो, हप्ते ठरतात. सालाचे दाणे द्यायचे की त्याचेही रोखीनेच, एवढा एक मुद्दा बोलणीत शिल्लक असतो, आणि आईचं म्हणणं असतं, दाणेच घे.