घरबसल्या अंतराळवीर तपासा

गगनयानासाठी निवडलेल्या चौघांची नावं २७ फेब्रुवारी २०२४ ला जाहीर झाली. त्यात नगर जिल्ह्याचा एकही नाही. वाईट वाटून घेऊ नका. यानात जागा नसली तरी मुतखड्याचे परीक्षक म्हणून आपला हात कोण धरणार? ‘किती एमएमचा?’ हे आपण पाहुण्याला चहाआधी विचारतो. तेच आता पद्धतशीर करायचं.

१. पूर्वी खडा झाला होता का, घरात कोणाला आहे का, हे उमेदवाराला विचारा. एकदा झालेला बऱ्याचदा पुन्हा होतो. ‘आमच्यात कोणालाच नाही’ म्हणाला, तर त्याचं गाव नक्की कुठलं याची चौकशी करा.

२. सोनोग्राफी करा. ‘५ एमएमच्या आतला पाण्यावर पडून जातो’ हा आपला धीर इथे देऊ नका. वर कळ आली तर रात्री गाडी करून लोणीच्या दवाखान्यात नेता येत नाही. १९८२ मध्ये साल्यूत-७ या अंतराळ स्थानकावर एका सोव्हिएत वीराला खडा झाला. मोहीम गुंडाळायची वेळ आली, तेवढ्यात खडा आपणहून पडला. दरवेळी एवढा समजूतदार खडा मिळत नाही.

३. चार कॅन आणा आणि प्रत्येकाची चोवीस तासांची लघवी जमवा. कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक ॲसिड, सायट्रेट मोजून घ्या. कॅन थंड ठेवायचा असतो. घरच्या फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर ताकाचं भांडं आधी हलवा.

४. निर्दोष ठरलेल्याला आता खडा होईल अशा जागी पाठवा. तिथे वजनच नाही, त्यामुळे हाडांना काम उरत नाही. व्यायामात हयगय झाली की कंबरेच्या हाडांतून महिन्याला १ ते १.५ टक्के खनिज झिजतं. त्यातलं कॅल्शियम लघवीत उतरतं. मग आधी एवढं पारखून का घेतलं, असं उमेदवार विचारील. रोज २ तास व्यायाम सांगा, म्हणजे विचारायला दम उरणार नाही.

५. ‘भरपूर पाणी प्या’ म्हणून बजावा. कुठलं, ते सांगू नका. अंतराळ स्थानकात लघवीचंच पाणी करून पितात. २००९ मध्ये हे पाणी करणारं यंत्र तुंबलं, कारण वीरांच्या हाडांतलं कॅल्शियम आत साचलं होतं. माणसं ठणठणीत, खडा यंत्राला झाला.

६. औषध म्हणून कुळथाचं पाणी, पानफुटीचं पान यांचं नाव काढू नका. पोटॅशियम सायट्रेट म्हणा. सायट्रेट श्रीगोंद्याच्या लिंबातही असतं, पण तसं सांगणाऱ्याला तज्ज्ञ म्हणत नाहीत.

७. शेवटची दक्षता. उड्डाणाआधी तासन्‌तास जखडून पडावं लागतं, म्हणून कित्येक वीर पाणी कमी पितात. ही सवय पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोडीच्या बायकांना आधीपासूनच असते. फडात आडोसा नसतो, म्हणून त्या दिवसभर घोट-दोन घोटांवर काढतात. उन्हात राबतात, लघवी दाबून धरतात. खड्याला हवं ते सगळं जमलेलं, तेही रॉकेटचा खर्च न करता. म्हणूनच त्यांना चुकूनही तपासणीच्या रांगेत घेऊ नका. आपल्याकडे कॅन चारच आहेत.