सही, शिक्का, स्कॅन

सरकारी पत्रक आधी संगणकावर टाइप होतं. तेव्हा ते अंध माणसालाही वाचता येतं, कारण स्क्रीन रीडर मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. मग ते छापतात, साहेबांची सही घेतात, गोल शिक्का मारतात, कागद स्कॅन करतात आणि पीडीएफ संकेतस्थळावर चढवतात. आता उरतो नुसता अक्षरांचा फोटो. स्क्रीन रीडरच्या लेखी पान कोरं. अर्जाची शेवटची तारीख त्याच पानावर असते!

हे पुण्यात चालतं, याचा जास्त संताप येतो. संगणकावर देवनागरी रुजवण्याचं केवढं तरी काम इथं झालं. सी-डॅकचं जिस्ट तंत्रज्ञान इथलं, मॉड्युलर कंपनीची श्रीलिपी ही फॉन्टप्रणाली इथली. युनिकोड ही अक्षरांची सर्वमान्य संकेतपद्धत रुळण्यापूर्वी अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज तशी फाइल पाठवली, की डोळसाला ‘सूचना’ दिसते आणि अंधाला ऐकू येते इंग्रजी अक्षरांची नि चिन्हांची भेळ. युनिकोड हाताशी असताना हा हट्ट कशासाठी?

पैशाची सबब सांगू नका. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठीही वाचतो. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो उभा केला, 2006पासून. कायद्याचीही सबब नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 42 मजकूर दिव्यांगांनाही वाचता येईल असा देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतं. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तर डिजिटल सुविधा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला.

राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे. त्यानं सगळ्या खात्यांच्या मागे लागावं: मजकूर युनिकोडमध्ये, थेट संकेतस्थळाच्या पानावर टाका, सही-शिक्क्याची प्रत हवी तर शेजारी जोडा.

आणि आपण? गुरुवारी पाणी बंद असलं की सोसायटीच्या ग्रुपवर वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो येतो. त्याखाली दोन ओळी टाइप करा: कुठला भाग, किती वाजेपर्यंत. शेजारच्या अंध काकूंनाही बादल्या वेळेवर भरायच्या असतात.