पदरी पडलं, पवित्र झालं

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने आयपॉड जाहीर केला, तेव्हा तिचं म्हणणं एवढंच होतं की एक हजार गाणी आता तुमच्या खिशात मावतील. किंमत ३९९ डॉलर. त्या वेळी बहुतेकांना डॉलरचा आकडा खटकला. मला खटकला तो खिसा. साडीला खिसा नसतो. पंजाबी ड्रेसला खिसा ठेवा म्हटलं की शिंपी मान हलवतो आणि ठेवत नाही. गाऊनला एक असतो, पण त्यात आधीच रुमाल, दोन सेफ्टी पिना, रबर बँड आणि भाजीवाल्यासाठी सुट्टे पैसे असतात. हजार गाण्यांना तिथे जागा कुठली? त्याआधी १९७९ साली जपानहून आलेला वॉकमनही पट्ट्याला अडकवायचा होता, आणि आमच्या घरात पट्टा कोण लावतं ते सांगायला नको.

हा प्रश्न सुटला तो एका चिमट्यामुळे. २००६ साली त्याच कंपनीने काड्यापेटीहून लहान असा नवा आयपॉड शफल काढला. पडदा नाही, १ जीबी जागा, ७९ डॉलर, आणि पाठीला चिमटा. चिमटा म्हटल्यावर पदर, ओढणी, स्वेटरचा गळा, काहीही चालतं. पुढे चिनी कारखान्यांनी चिमटा तेवढा उचलला, आतलं सगळं जमेल तितकं स्वस्त केलं, मेमरी कार्डासाठी एक खाच ठेवली, आणि गाणं बुधवार पेठेत साडेतीनशे रुपयांना येऊन पोचलं.

पासोड्या विठोबाच्या आसपासच्या गल्लीतल्या दुकानदाराने काचेखालून तो काढून माझ्यासमोर ठेवला. बोटभर लांब, निळा, वर नखाएवढा पडदा. यंत्रावर नावाचं एक स्पेलिंग, खोक्यावर दुसरं.

"गॅरंटी?"

"काकू, साडेतीनशेत गॅरंटी कसली मागता? चालतो तोवर चालतो."

पुण्याच्या दुकानदारांना लोक काहीही म्हणोत, खोटं बोलून गिऱ्हाईक पटवण्याचे कष्ट ते घेत नाहीत. मी घासाघीस न करता घेतला. कार्ड वेगळं घ्यावं लागलं, ४ जीबीचं. घरी येऊन संगणकाला लावलं तर त्यात ३.७ जीबीच भरले. ही काही फसवणूक नव्हे. कार्ड बनवणारे हजारा-हजाराने मोजतात आणि संगणक एक हजार चोवीसने. मधली तूट गिऱ्हाइकाने सोसायची असते. तरी चार-चार मिनिटांची हजारभर गाणी त्यात बसतात. म्हणजे ॲपलवाल्यांनी सांगितली होती तेवढीच, फक्त खिशाऐवजी पदराला.

या यंत्राचा स्वभाव एका शब्दात सांगायचा तर ते अडाणी आहे. त्याला गाण्यातलं काही कळत नाही, माझ्याबद्दल काही ठाऊक नाही, आणि मराठी तर अजिबात येत नाही. चिनी मात्र उत्तम येतं. पहिल्याच संध्याकाळी कोणतं बटण किती वेळ दाबलं गेलं कोण जाणे, सगळा मेनू चिनी झाला. भाषा बदलायची सोय मेनूच्या आत, आणि मेनू चिनीत. मी अंदाजाने एकेक दार उघडत गेले. एकदा रेडिओ लागला, एकदा यंत्रच बंद पडलं. शेवटी इंग्रजी सापडली. तेव्हापासून ती वाट कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली आहे: खाली पाच, आत, खाली तीन, आत. आमच्याकडे येणारे पाहुणे तो कागद वाचून काही विचारत नाहीत. बहुधा व्यायामाचा प्रकार समजत असावेत.

गाण्याचं नाव देवनागरीत लिहिलं तर पडद्यावर रिकाम्या चौकोनांची रांग येते. म्हणून रोमन लिपीत लिहावं, तर आठ अक्षरांच्या पुढे त्याचा दम संपतो. पहिली सहा तो दाखवतो, मग एक नागमोडी रेघ आणि एक आकडा. गायकाच्या नावाचं तर विचारूच नका. ते नाव फाइलला एक चिठ्ठी जोडून त्यात लिहावं लागतं, आणि मी चिठ्ठ्या लिहिल्या नव्हत्या. त्यामुळे किशोरीताई, माणिकताई, भीमसेनजी, सगळ्यांच्या जागी एकच नाव: 'अननोन आर्टिस्ट'. भारतरत्न मिळालेला माणूसही याला अनोळखी.

इथे मला गौहर जान आठवतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आले होते. बाई गायल्या आणि तीन-एक मिनिटांची तबकडी संपता संपता त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून टाकलं. कारण अगदी व्यवहारी होतं. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या कारागिराला हा आवाज कोणाचा ते कसं कळणार, आणि लेबलावर नाव तर बरोबर यायला हवं. चिठ्ठी फाइलला जोडण्याची सोय नव्हती, म्हणून बाईंनी ती गाण्यातच जोडली. त्यांचं एक जुनं ध्वनिमुद्रण माझ्या कार्डात आहे. ते लागलं की पडद्यावर 'अननोन आर्टिस्ट' अशी अक्षरं सरकू लागतात, आणि तीन मिनिटांनी बाई स्वतःच ठणकावून चूक दुरुस्त करतात. एवढ्यासाठी ते मी अनेकदा लावते.

पण अडाणीपणाची खरी कमाल गीतरामायणात दिसली. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आठवड्याला एक गाणं, आणि अशी छप्पन्न. पुढच्या आठवड्यात काय होणार हे लहान पोरालाही माहीत असलेली गोष्ट लोक वर्षभर वाट बघून ऐकत होते. माझ्या फाइलींना १ ते ५६ असे साधे आकडे दिलेले होते. पण हे यंत्र आकडा वाचत नाही, अक्षर वाचतं. एकने सुरू होणारे सगळे एका ओळीत. त्यामुळे १ झालं की १०, मग ११, असं करत १९ पर्यंत, आणि मग २. म्हणजे रामजन्माच्या तयारीला हात लागायच्या आत मंडळी वनवासाच्या वाटेला लागलेली, आणि तिकडे गोष्ट जरा रंगात आली की पुन्हा अयोध्येत पाळणा हलण्याची चिन्हं. वर माझ्या हातून 'शफल' चालू राहिलं होतं ते निराळंच. त्या दिवशी पोळ्या होईपर्यंत रावण मेला, सेतू बांधायला घेतला आणि सीतेचं स्वयंवर लागलं.

"हे कुठल्या कल्पातलं रामायण?" अहोंनी बाहेरून विचारलं. त्या दिवशी मी इयरफोन न लावता छोटा स्पीकर जोडला होता.

उपाय सोपा आहे आणि कंटाळवाणा. एकला ०१ म्हणायचं, दोनला ०२. नऊ फाइलींच्या नावापुढे एकेक शून्य लावलं आणि रघुकुल मार्गावर आलं.

अहोंचं आणि या यंत्राचं सुरुवातीपासूनच जमलं नाही. बाहेरच्या खोलीत त्यांचा ॲम्प्लिफायर आहे आणि दोन उंच स्पीकर, ज्यांच्यावर कुंडी ठेवायची मला परवानगी नाही. एमपी३ ला ते 'ताक' म्हणतात, तेही पाणी घातलेलं. यात तथ्य आहे, पण ते म्हणतात तेवढं नाही. एमपी३ चं सगळं कौशल्यच टाकून देण्यात आहे. जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यामागे वर्षानुवर्षं लागले होते. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्या कानाला मुळात ऐकूच येत नाही, मग तो साठवायचा कशाला, हा त्यांचा विचार. लग्नात बँड वाजत असताना कोपऱ्यातल्या आत्याबाई काय म्हणाल्या ते कोणाला ऐकू येतं? ही मंडळी आत्याबाईंचं बोलणं लिहूनच घेत नाहीत. असं करत करत १२८ किलोबिटला सीडीवरचं गाणं अकराव्या हिश्श्यात येऊन बसतं.

त्यांची गंमत अशी की वाद्यांचा गदारोळ त्यांना इतका जड गेला नाही. घाम फोडला तो एका बाईच्या आवाजाने. सुझान व्हेगा या गायिकेचं 'टॉम्स डायनर' हे गाणं, साथीला काहीही नाही, नुसता आवाज. सुरुवातीला तो त्यांच्या यंत्रातून फार वाईट येई. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून त्यांनी आपली रीत सुधारली. एकट्या आवाजाला लपायला जागा नसते, हे त्यांना आपल्याकडच्या कोणत्याही गुरुजींनी फुकट सांगितलं असतं. नवख्या शिष्याला तबल्याआधी तंबोऱ्यावर बसवतात ते उगाच नाही. तंबोऱ्यावरून आठवलं, तिथे मात्र अहोंचं बरोबर आहे. जागा वाचवायला फाइल ६४ किलोबिटची केली की तंबोरा पाण्याखालून आल्यासारखा येतो. तेव्हा गाणी थोडी कमी ठेवा, पण १२८ च्या खाली जाऊ नका. एरवी मिक्सर चालू असताना ताक काय आणि लोणी काय.

आणखी एक खोड सांगते. हे यंत्र आपण कुठे थांबलो ते लक्षात ठेवत नाही. बंद करून पुन्हा लावलं की गाणं पहिल्यापासून. भावगीताचं ठीक आहे, पण ख्याल चाळीस मिनिटांचा असतो, आणि माझा स्वयंपाक एवढा वेळ सलग कधी चालत नाही. दाराची घंटा वाजते, फोन येतो, मी बंद करते. परिणाम असा की माझ्याकडच्या जौनपुरीची पहिली वीस मिनिटं मला श्वासासकट पाठ आहेत आणि द्रुत बंदिश कोणती आहे ते अजून ठाऊक नाही. पुढे पळवण्याचं बटण आहे, पण पिठाच्या हाताने ते दाबून धरलं की थेट पुढची लावणी लागते.

त्यात आवाज मुद्रित करण्याचीही सोय आहे. ती मी होऊन कधी वापरली नाही. तिनेच मला वापरलं. ओट्याला टेकताना बटण दाबलं गेलं आणि सबंध सकाळ आत भरली गेली. कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा आवाज, "अहो, गॅस बारीक करा", पुन्हा "अहो", आणि मधूनमधून कोणीतरी बाई गुणगुणते आहे, पट्टी सोडून, पण मनापासून. गायिकेचं नाव अर्थातच 'अननोन आर्टिस्ट'. किशोरीताईंच्या ओळीत बसण्याची ही संधी मला दुसरीकडे कुठे मिळाली असती? फाइल पुसलेली नाही.

"आई, फोनमध्ये सगळं असताना हे कशाला?" असं लेक प्रत्येक सुट्टीत विचारते. तिने एकदा माझ्या फोनवर गाण्यांचं ॲप लावून दिलं होतं. श्रावणात हौसेने मंगळागौरीची गाणी ऐकली. त्या ॲपने ही गोष्ट मनावर घेतली. दिवाळीत फुगड्या, मार्गशीर्षात फुगड्या, थेट माघापर्यंत मला पिंगा घालायला लावत होतं. तुम्हाला हे आवडेल, तुमच्यासारख्यांना तेही आवडतं, असा आग्रह. माझ्यासारख्या म्हणजे कशा, हे त्याला कोणी सांगितलं? आपल्याला पुरतं ओळखून असलेली माणसं घरात पुरेशी असतात. त्यात यंत्राची भर कशाला? माझ्या निळ्या प्लेअरला माझी आवड कळत नाही, म्हणून तो ती मला शिकवायलाही येत नाही. मी सकाळी अभंग लावला की अभंग, आणि संध्याकाळी लावणी लावली तर त्याच्या मनात काही येत नाही. मध्येच कोणी कर्ज घ्या म्हणत नाही, कोणाचा निरोप टिणकत नाही. रेडिओ लावायचा तर इयरफोनची वायर जोडलेली हवी, कारण तीच त्याची एरियल. आणि ती वायर मंगळसूत्रात अडकते, हे मान्य. सोडवत बसावं लागतं. पण हात भरलेले असताना पदरावरून, न बघता, बोटाच्या पेराने गाणं थांबवता येतं. फोनच्या काचेला पिठाचं बोट चालत नाही.

आयपॉड बनवणं ॲपलने मे २०२२ मध्ये थांबवलं. साडेतीनशेचे प्लेअर मात्र अजून मिळतात, चिमट्यासकट. घ्यायचाच असेल तर बटणं खरोखरीची दाबायची आहेत ना, कार्डाची खाच आहे ना आणि इयरफोनचं भोक साधं आहे ना, एवढं पाहा. खोक्यावर बाकी जे काही छापलं असेल ते वाचू नका. आणि जुना एखादा ड्रॉवरमध्ये पडलेला असेल तर काढून बघा, पण चार्जिंगला लावण्याआधी पाठ तपासा. बॅटरी फुगलेली असेल तर मुळीच लावू नका. कार्ड काढून घ्या आणि यंत्र ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको. गाणी कार्डात आहेत. नवा प्लेअर आणा आणि त्यात घाला.