गोल फोटोचा चौकोनी संयोजक

आमच्या घरी मला कोथिंबीर आणायला पाठवत नाहीत. मी मेथी आणतो. लाइटचं बिल भरायचं काम माझ्याकडून केव्हाच काढून घेतलंय, आणि गॅसचा नंबर लावायचा असला की ही मला आधी दुसऱ्या खोलीत पाठवते. अशा माणसाकडे तीन खंडांत पसरलेल्या गोतावळ्याच्या फोटोंचं नियोजन सोपवावं, ही कल्पना माझ्या न्यू जर्सीच्या मेहुण्याची. "भावोजी, फोटो आम्ही काढतो. तुम्ही फक्त विषय आणि तारखा ठरवा," असं तो म्हणाला, आणि त्या 'फक्त'वर मी भाळलो.

मूळ डोकं आमचं नव्हे. २००४ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या डॉन बेन आणि लँडिस बेनेट या दोघांनी 'वर्ल्ड वाइड पॅनोरमा' नावाचा उद्योग सुरू केला. वर्षातून चारदा, म्हणजे दिवस-रात्र समान असतात ते दोन दिवस आणि सर्वांत मोठा नि सर्वांत लहान दिवस, यांच्या आसपास जगभरच्या लोकांनी एकच विषय घेऊन आपापल्या गावात गोल फोटो काढायचा. गोल म्हणजे पुरता तीनशे साठ अंशांचा, वरचं आभाळ आणि पायाखालची फरशी धरून. पूल, पाणी, बाजार, सीमा असे त्यांचे विषय. आम्ही म्हटलं, आपल्या गोतावळ्यातही हे करून बघू. रत्नागिरीचे अण्णा, पणजीचे व्याही, इंदूरचे साडू, बडोद्याचा सीए चुलतभाऊ, मेलबर्नची भाची आणि तो मेहुणा. मी पुण्यात, मध्यभागी.

विषय ठरवणं सोपं असतं असं वाटत असेल, तर एकदा साडूंना बरोबर घेऊन बघा. विषय असा हवा की तो सगळ्यांना चालत जाण्याच्या अंतरावर सापडेल, पण इतकाही ऐसपैस नको की कुणी सरळ आपल्या बाल्कनीतून फोटो काढून मोकळा होईल. मी 'वाडा' सुचवला, तर भाची म्हणाली, "मामा, मी चौदाव्या मजल्यावर राहते." व्याह्यांनी 'होडी' सुचवली, त्यावर बडोद्याहून दोन दिवस काहीच उत्तर आलं नाही. साडूंना मात्र प्रत्येक विषयात इंदूरचा सराफा दिसतो. 'बाजार' म्हटलं तर सराफा, 'रात्र' म्हटलं तर सराफा, आणि 'पाणी' म्हटलं तेव्हा त्यांनी सराफ्यातली पाणीपुरी पुढे केली.

शेवटी संयोजकाचे अधिकार वापरून मी २१ जूनसाठी 'पाऊस' जाहीर केला. पुण्यात खिडकीबाहेर तो धो धो पडत होता, त्यामुळे जगभर पडत असणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. इंदुरात ढगाचा पत्ता नव्हता. न्यू जर्सीत वर्षातला सर्वांत मोठा दिवस, लख्ख ऊन, आणि मेहुणा अंगणातल्या गवताला पाइपनं पाणी घालत होता. पाऊस होता तो रत्नागिरीला, पण तिथं तो इतका होता की कॅमेरा बाहेर काढणंच मुश्किल. आणि या कामाची फिश-आय लेन्स पुढून इतकी फुगीर असते की तिच्यावर आडोसा म्हणून काहीही धरलं तरी ते फोटोत येतं. अण्णांनी छत्री धरली. आम्हाला रत्नागिरीहून छत्रीचा आतल्या बाजूनं काढलेला फोटो मिळाला, काड्यांसकट, आणि मधोमध लेन्सवर पडलेला फणसाएवढा थेंब. व्याह्यांचा कॅमेरा तेव्हा तांदळाच्या डब्यात वाळत होता. पावसाचा एकमेव धड फोटो मेलबर्नहून आला, जिथं तो वर्षातला सर्वांत लहान दिवस होता आणि पाचच्या सुमारास अंधारून आलं होतं.

मग वेळापत्रक. चार दिवस सूर्यानंच ठरवून दिलेत, तेव्हा माझ्या डोक्याला काही काम नाही असं वाटून मी निर्धास्त होतो. पण आमची मंडळी सूर्यावर चालत नाहीत, चंद्रावर चालतात. सप्टेंबरची २२-२३ तारीख सूर्याच्या हिशेबात हलत नाही. तिथीच्या हिशेबात तिच्यावर दर वर्षी वेगळंच काही येऊन बसतं. मी भिंतीवरची जुनी-नवी कॅलेंडरं उतरवून जेवणाच्या टेबलावर पसरली. २०२३ मध्ये त्या दिवशी घराघरांत गणपती बसलेले, २०२४ मध्ये पितृपक्ष, २०२५ मध्ये घटस्थापना. म्हणजे एका वर्षी सगळे मोदकात, दुसऱ्या वर्षी नवं काही सुरू करायला कुणी तयार नाही आणि तिसऱ्या वर्षी बायकांचे उपास, त्यामुळे पुरुषांना स्वयंपाकघरातून सुट्टी नाही. मार्चची विसावी तारीख बघावी तर चुलतभाऊ सीए. त्या महिन्यात तो तीनशे साठ अंश कसले, एक अंशही मान वळवत नाही. डिसेंबरला व्याह्यांचा नकार, कारण नाताळाच्या तोंडावर गोव्यात कॅमेरा कुठंही ठेवा, फोटोत फक्त पाहुणे येतात. मी सगळं वेगवेगळ्या रंगांनी मांडलेला तक्ता केला. ही तो बघून म्हणाली, "छान आहे. आता ताटं कुठं मांडू?"

या अडचणींवर बोलायला मी व्हिडिओ कॉल ठरवला, रविवारी संध्याकाळी सात वाजता. मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे, म्हणजे तिथं रात्रीचे साडेअकरा. भाची बिचारी जांभया देत हजर झाली. न्यू जर्सी उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. मी ते पुढे धरले. त्यामुळे मेहुण्याला मी जी वेळ कळवली ती त्याच्याकडची सोमवारी पहाटे साडेचारची होती, आणि तो माणूस अंघोळ करून, चहा घेऊन त्या वेळी एकटाच स्क्रीनसमोर बसून राहिला. वर त्याच्या बहिणीशी माझं लग्न झालेलं आहे, हा भाग मी लक्षात घेतला नव्हता.

सप्टेंबरचा विषय 'पूल'. मी भिडे पूल निवडला. आदल्या संध्याकाळी जाऊन जागा हेरली, तिवई नेमकी कुठं उभी करायची तिथं खडूनं फुलीसुद्धा मारून आलो. धरणातून पाणी सोडलं की सगळ्यांत आधी भिडे पूल बुडतो, हे पुण्यातलं शाळकरी पोरही सांगेल; पण मला कुणा पोरानं सांगितलं नाही. रात्री खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलं. सकाळी फुली पाण्याखाली होती. पूलही.

धावतपळत लकडी पूल गाठला, ज्यात आता औषधालाही लाकूड नाही. साध्या फोटोत काढणारा कॅमेऱ्यामागं उभा राहतो आणि सुटतो. गोल फोटोत कॅमेऱ्याला मागची बाजूच नसते. प्रत्येक वेळी कॅमेरा थोडा फिरवायचा आणि आपणही वाकून त्याच्याबरोबर फिरायचं. मी असा प्रदक्षिणा घालत असताना एक गृहस्थ थांबले आणि त्यांनी विचारलं, "मेट्रोचं माप घेताय का?" मी नाही म्हटलं. त्यांचा विश्वास बसला नाही. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघण्याची त्यांना चांगली सवय असावी, कारण मी जिकडे लेन्स वळवावी तिकडे ते सरकून उभे राहायचे आणि मेट्रोबद्दलचं आपलं मत पुढे चालू ठेवायचे.

घरी येऊन सगळे तुकडे 'हगिन' नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये घातले. लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवतीच कॅमेरा फिरवायचा असतो, नाहीतर जवळच्या वस्तूंचे सांधे जुळत नाहीत, हे मी इतरांना लेखी कळवलं होतं. रात्री उशिरा चित्र तयार झालं. पुलाचा कठडा तीन जागी तुटलेला होता. मेट्रोवाले गृहस्थ चारही दिशांना उभे होते आणि एका जागी नुसतेच कमरेपासून खाली. वर आभाळ निरभ्र. आणि खाली, जिथं तिवईचे पाय असायला हवेत तिथं, माझं पोट.

भाचीनं लिहिलं, "मामा, मस्त! पण पूल कुठाय?" साडूंनी त्या गृहस्थांची चौकशी केली, त्यांना ते सराफ्यात भेटल्यासारखे वाटत होते. मेहुणा दोन दिवस गप्प होता. मग त्यानं कळवलं की भावोजींवर कामाचा फार भार पडतोय, तर यापुढे वेळापत्रक तो करेल, आणि पुढचा विषय ठरवायला याच महिन्याच्या शेवटी कॉल ठेवलाय. वेळ सगळ्यांच्या सोयीची: न्यू जर्सीत संध्याकाळचे सात, मेलबर्नला सकाळचे नऊ. पुण्याची वेळ त्यानं लिहिली नव्हती. मी कागद घेऊन मांडलं, या खेपेला बेरीज-वजाबाकी दोन्ही करून बघितली, हिच्याकडून तपासूनही घेतलं. पहाटेचे साडेचार.

"गजर मी लावते," ही म्हणाली. "तू संध्याकाळचा लावशील."

मी तोवर लावला होता. संध्याकाळचाच.