मावळ्याच्या दंडावर बीसीजी

ऐतिहासिक सिनेमाला मला बरोबर न्यायचं तर बायकोच्या दोन अटी असतात. मध्यंतरापर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि मध्यंतरात उघडायचं ते पॉपकॉर्न खायला. मी दोन्ही पाळतो. पण अटींमध्ये कोपराचा उल्लेख नसल्यामुळे मी कोपराने बोलतो. हलका धक्का म्हणजे भाषेत गडबड, जोराचा म्हणजे भूगोलात, आणि तिच्या हातातलं कोल्ड्रिंक हिंदकळलं तर समजायचं की वनस्पतिशास्त्राची वाट लागली आहे.

वनस्पतिशास्त्र हा आमच्या घरातला सगळ्यात स्फोटक विषय. त्याला कारण पवई. तलावाच्या कडेने सकाळी फिरायची सवय लागली आणि प्रत्येक झाडाला गाव विचारायचा नाद जडला. चौकशीअंती लक्षात आलं की मंडळी बहुतेक सगळी बाहेरची. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचा, सुबाभूळ मेक्सिकोची, गिरिपुष्प मध्य अमेरिकेतलं. त्यात वाईट काही नाही, आम्हीही मूळचे पवईचे नव्हेच. पण एकदा हे कळलं की शिवकाल बघणं कठीण होऊन बसतं. एका मालिकेत कोंढाण्यावर जिवाची बाजी लागलेली असताना उदयभानाच्या पाठीमागे लालभडक गुलमोहर फुललेला होता. लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० रोजी, म्हणजे माघात. माघात गुलमोहर फुलत नाही हे एक, आणि त्याला मुंबईत पोचायला अजून दीडशेहून अधिक वर्षं होती हे दुसरं. इतक्या लांबून, इतक्या आधी, तेही अवेळी फुलून आलेल्या त्या झाडाचं मला कौतुकच वाटलं. गाजरगवताचं मात्र वाटत नाही. ते १९५०च्या दशकात पुण्याजवळ पहिल्यांदा लोकांच्या नजरेत भरलं, आणि पडद्यावर स्वराज्याचं घोडदळ छातीएवढ्या गाजरगवतातून दौडत असतं. घोड्यांना काही होत नाही. शिंका मला येतात.

घोड्यांवरून आठवलं. दख्खनी घोडं म्हणजे बुटकं, काटक, डोंगर चढणारं, चिपाडावर दिवस काढणारं. सिनेमातले घोडे थेट महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून आल्यासारखे उंच आणि तुकतुकीत. त्यावर बसून मावळे ज्या उतारावरून खाली येतात तिथे मी बसून सरकत उतरलो असतो.

पण माझ्या आयुष्यातली सर्वोत्तम चूक मला एका रात्रीच्या लढाईत सापडली. दृश्य असं : तटाला शिडी लागलेली, खाली मशाली, आणि ढाल वर उचलून एक मावळा थेट कॅमेऱ्याकडे बघत गर्जना करतोय. ढाल डाव्या हातात. बाराबंदीची बाही झटापटीत फाटलेली. मशालीचा उजेड नेमका त्याच्या डाव्या दंडावर पडला आणि तिथे वाटाण्याएवढा, कडेला किंचित सुरकुतलेला, गोल व्रण झळकला. बीसीजी! ही लस माणसाला पहिल्यांदा दिली गेली १९२१ साली, पॅरिसमध्ये. देवीची म्हणावी तर तीही हिंदुस्थानात पहिल्यांदा टोचली ती १८०२ साली, आपल्या मुंबईतच, तीन वर्षांच्या एका मुलीला. आणि हा गडी सतराव्या शतकात क्षयरोगापासून सुरक्षित होऊन तटावर चढत होता. मी इतका खूश झालो की पुढचा अर्धा तास त्यालाच शोधत राहिलो. नायक जखमी झाला, थिएटर हळहळलं, मी मात्र मागच्या रांगेत माझा माणूस जिवंत आहे का ते बघत होतो.

“बाबा, एवढंच असेल तर बघता कशाला?” मुलगी विचारते. आता हिला कसं सांगू? बाजीप्रभू खिंडीत उभे राहिले की माझाही घसा दाटतो. तोफांचे आवाज कानावर येईपर्यंत तो माणूस पडता कामा नये असं मलाही आतून वाटतं, शेवट शाळेपासून पाठ असूनही. आणि नेमक्या त्याच क्षणी माझी नजर मशालींवर असते. पन्हाळ्याहून निघाले ती आषाढी पौर्णिमेची रात्र, आणि दुसऱ्या दिवशी १३ जुलै १६६०, घोडखिंड. सह्याद्रीच्या माथ्यावरचा जुलै! आमच्याकडे पवईत जुलैत बाल्कनीतलं निरांजन धड पेटत नाही. पडद्यावर मात्र मुसळधार पावसात मशाली अशा धडाडत असतात की त्यावर मक्याची कणसं भाजून घ्यावीत. डोळे भरून येतात आणि ते भरलेले डोळेच चुका टिपत असतात. माझ्यात ही दोन वेगळी खाती आहेत, आणि सरकारी खात्यांसारखंच एकाचा कागद दुसऱ्याकडे जात नाही.

आता, सगळ्याच चुकांना मी एका मापाने मोजत नाही. माझा एक नियम आहे : पैसे कमी पडल्यामुळे झालेली चूक माफ, पैसे जास्त झाल्यामुळे झालेली चूक चौकशीस पात्र.

बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला तेव्हा रात्र दाखवण्यासाठी कृत्रिम दिवे वापरले. त्या काळी हे धाडसच होतं. खऱ्या कोंढाण्यावर माघ वद्य नवमीचा चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवला असणार, तोवर किर्र काळोख. पण काळोखाचा सिनेमा कोण बघणार? त्यांनी दिवे लावले, बरं केलं. त्याच चित्रपटात शेलारमामा झाले होते ते व्ही. शांताराम, तेव्हा वय पुरतं बावीसही नव्हतं. ऐंशीचा म्हातारा विशीतल्या पोराने करायचा, ही चूक नव्हे, हे संसार चालवणं आहे. किंवा भालजी पेंढारकर घ्या. १९४८च्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्या राखेतून उभं राहून त्यांनी १९५२ साली ‘छत्रपती शिवाजी’ केला. अशा माणसाच्या सिनेमात एखादा बुरूज वाऱ्याने हलला तर आपण वारा बंद व्हायची वाट बघावी.

आमच्या सोसायटीत शिवजयंतीला क्लबहाउसमध्ये पडदा लावतात. एकदा असाच एक जुना चित्रपट लावला होता. माझ्या शेजारी पाचवीतला एक मुलगा. लढाई ऐन रंगात आलेली, आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो, “काका, हा मघाशी मेला होता.” मी नीट पाहिलं. खरंच, तोच. मिशी तीच, मरायची पद्धतही तीच, एक हात वर करून डावीकडे. मी म्हटलं, “बाळा, याला निष्ठा म्हणतात.” पोराला पटलं. पलीकडे बसलेल्या आजींनी मात्र आम्हा दोघांकडे असं बघितलं की पुढे आम्ही हाताची बोटं दाखवून मोजदाद केली. तिसऱ्यांदाही तो डावीकडेच पडला.

पैसा जास्त झाला की काय होतं ते ‘तान्हाजी’त बघा. २०२०चा चित्रपट, मी शिट्ट्या मारून पाहिला. त्यात कोंढाण्यावर ‘नागीण’ नावाची राक्षसी तोफ आणतात, तिचं तोंड राजगडाकडे. सिंहगड आणि राजगड सरळ रेषेत पंधरा किलोमीटरच्या आसपास. त्या काळच्या मोठ्या तोफेचा गोळा फार फार तर दोन-तीन किलोमीटर जाणार, तोही कुठे पडेल ते गोळ्यालाच ठाऊक. म्हणजे नागिणीचा गोळा मधल्या एखाद्या गावच्या कांद्याच्या चाळीवर पडला असता आणि त्या पाटलाने दोन्ही बाजूंकडे नुकसानभरपाई मागितली असती. मोठी तोफच हवी होती तर खरी होतीच की! विजापूरची मलिक-ए-मैदान, १५४९ साली अहमदनगरला ओतलेली, सुमारे पंचावन्न टनांची. तिच्या तोंडात माणूस बसू शकतो. ती हलवतानाचे बैल, हत्ती, शिव्या आणि चिखल हाच एक वेगळा चित्रपट झाला असता. आणि तरीही, नागीण वळायला लागली तेव्हा मी खुर्चीच्या टोकावर आलो होतो. पंधरा किलोमीटर मला नंतर आठवले.

‘बाजीराव मस्तानी’त शनिवारवाडा एवढा वाढला की त्यात पुण्याच्या दोन पेठा मावल्या असत्या, आणि पायाने अधू असल्याचं सांगतात त्या काशीबाई मस्तानीबरोबर पिंगा घालतात. यावर पुण्यात जे काही बोललं गेलं त्यात मी भर घालत नाही. ‘छावा’तला लेझीम लोकांच्या आक्षेपानंतर प्रदर्शनाआधीच काढून टाकला. पण त्या चित्रपटाचा खरा परिणाम बघा. बुऱ्हाणपूरची लूट पडद्यावर पाहून मार्च २०२५मध्ये अशीरगडाजवळ लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेतं खणायला गेले. सोन्याची नाणी शोधायला! मी निदान गुलमोहर शोधतो, कुणाचं शेत खणत नाही, हे घरी वारंवार सांगतो.

पडद्यावर इतिहास चुकवायची खोड फक्त आपल्याकडची समजू नका. ‘ब्रेव्हहार्ट’ नावाच्या चित्रपटाने पाच ऑस्कर घेतले. त्यात स्टर्लिंगच्या पुलावरची लढाई आहे. १२९७ सालची ही लढाई स्कॉटिश सैन्याने जिंकली ती पूल अरुंद होता म्हणून. चित्रपटात सगळं आहे, पूल नाही. खिंड नसलेली पावनखिंड म्हणा ना! पुलाचा खर्च वाचवून घागऱ्यांवर केला असावा, तेही त्या शतकात नव्हते. आणि चिकित्सेची परंपराही जुनी आहे. प्रभातने १९३०च्या सुमारास ‘स्वराज्याचे तोरण’ काढला, तेव्हा पहिला आक्षेप घेतला इंग्रज सेन्सॉरने. त्याला गुलमोहर खटकला नाही, नाव खटकलं. शेवटी चित्रपट ‘उदयकाल’ म्हणून लागला.

माझी खरी तक्रार चुकांची नाहीच. मी राहतो ती जमीनच सरहद्द होती आणि तिच्यावर कुणी धड सिनेमा काढला नाही, ही आहे. पवई साष्टी बेटावर. माहीमच्या खाडीपलीकडे इंग्रज, अलीकडे पोर्तुगीज, आणि १७३७च्या वसंतात मराठे ठाण्याची खाडी ओलांडून आले. पुढे दोन वर्षं वसईचा वेढा, तटाखाली पेरलेले सुरुंग, चिमाजीअप्पा, मे १७३९ची शरणागती. तिथल्या चर्चमधल्या घंटा आजही नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आणि भीमाशंकरला आहेत. याहून तयार पटकथा कुठे मिळणार?

आणि लोकेशन फुकट. आमच्याकडे हिरानंदानीत ग्रीक म्हणावेत की रोमन, असे खांब रांगेने उभे आहेत. जाहिरातवाले आणि सिनेमावाले त्यांच्यासमोर नटनटीला उभं करून परदेश म्हणून खपवतात, मग लिस्बन खपायला काय हरकत आहे? पोर्तुगीज कप्तान सुरमा घालून, उर्दू बोलत त्या खांबांतून बाहेर येईल. मराठ्यांची फौज पवई तलावावर घोड्यांना पाणी पाजेल, आणि मी कळवळेन, कारण तलाव बांधला १८९१च्या सुमारास. तेही मुंबईला प्यायला पाणी हवं म्हणून, आणि ते पाणी माणसांना चाललं नाही. घोड्यांचं माहीत नाही. ऐन संवादात डोक्यावरून सांताक्रूझला उतरणारं विमान जाईल, ते डबिंगमध्ये काढता येईल. जलपर्णी मात्र निघणार नाही, महापालिकेलाही निघालेली नाही.

अस्सल असं एकच पात्र मिळेल. आयआयटीच्या आवारात अधूनमधून येणारा बिबट्या. त्याच्या घराण्याची इथली वहिवाट १७३७च्या कितीतरी आधीची. मेकअप नको, बाराबंदी नको, संवाद पाठ करायला नको, आणि वेळेवर येण्याबद्दल कुठल्याही मोठ्या नटाइतकाच भरवसा. मानधनही तो मागणार नाही. युनिटच्या आसपासची कुत्री तेवढी रात्री आत बांधावी लागतील.