शिंपडलेला की बुडवलेला?

प्रत्येक मंडळीत एक तपासनीस असतो. आमचे काका त्या जातीचे. नांदगाव पेठच्या टोलनाक्याजवळ चहाच्या टपरीवर त्यांची बैठक. नाक्यावर पैसे भरले की गाडी सुटते. काकांच्या तावडीतून ख्रिस्ती माणूस सुटत नाही. "सलाम" पुरता होण्याआधी प्रश्न येतो, "भाऊ, बाप्तिस्मा कोनता? शिंपडलेला का बुडवलेला?"

शिंपडलेला म्हटलं की काका हळहळतात, "म्हंजे ओला झालाच नाई!" बुडवलेला म्हटलं तर, "डोकं पुरं गेलं होतं का पान्यात?" अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ पासूनचा, त्यातले झाडून सगळे कॅथलिक जपमाळेपायी नापास. अलायन्स चर्चवाले प्रार्थनेत अन्य भाषा बोलत नाहीत म्हणून नापास, पेंटेकॉस्टल फार बोलतात म्हणून नापास. यवतमाळची सेमिनरी १९८३ मध्ये पुण्याला गेली, तेव्हापासून तिथून येणारे पाळकही संशयित.

थोरामोठ्यांनाही सूट नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण चर्चचा मतांगीकार मुकाट्याने गिळला नाही. पुढे अख्खं बायबल मूळ भाषांतून मराठीत आणलं. काका म्हणाले, "मेहनती बाई. पन नापास." रेव्हरंड टिळकांनी १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' भरवला आणि बाप्तिस्मा न झालेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात बसवलं. हे ऐकून काकांनी भरली बशी खाली ठेवली.

पण मयतीची खबर आली की टपरीवरची बैठक मोडते. पहार, फावडं, घमेलं सायकलला बांधून काका दफनभूमीत सगळ्यांच्या आधी हजर. मेलेला कोणत्या चर्चचा, हे तेव्हा विचारत नाहीत. मे महिन्यात वऱ्हाडातली काळी माती दगड होते; पहार मारली की झिणझिण्या कोपरापर्यंत येतात. गेल्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या कॅथलिक बाईसाठी ते खणत होते. बनियन असं चिंब, की त्याला शिंपडलेलं कोणी म्हणू नये.

मी डिवचलं, "काका, ही तर नापास ना?"

त्यांनी वर पाहिलंच नाही. खड्ड्यात काठी आडवी धरून लांबी मोजली आणि आणखी वीतभर खणायला घेतलं. "बुढीले पाय पसरता आले पायजे."

मी त्यांना मनातल्या मनात पास करून टाकलं. बोललो मात्र नाही. बोललो असतो, तर खड्ड्यातूनच आवाज आला असता, "अन् तुहा बाप्तिस्मा कोनता?"